बालगृहात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी : साथीच्या काळातील दिवसक्रम

इंदूरमधील आमच्या बालगृहात दरवर्षी चार-पाच नवीन माणसे कामाला येतात. कोणी गृहमाता म्हणून, कोणी स्वयंपाकघरात, कोणी मुलांचा अभ्यास घेण्यासाठी. त्यांपैकी बरेच जण सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर अशा मराठी वस्त्यांतून येतात. त्यांनी आपल्या घरी मुले वाढवलेली असतात आणि चाळीस मुलांचे घर म्हणजे आपल्याच घराचे मोठे रूप असेल, असे त्यांना वाटते. साथीच्या काळात ही समजूत अपुरी पडते. मार्च २०२० पासून करोनाच्या साथीत जवळजवळ दोन वर्षे फाटक बंद ठेवून, अर्धवट उघडून आणि पुन्हा बंद करून आम्ही जे शिकलो, ते येथे कामाच्या क्रमाने लिहिले आहे. कांजिण्या, गालगुंड किंवा फ्लूची लागण झाली तरी आम्ही आता हाच क्रम पाळतो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. आमच्याकडील बहुतेक मुलांच्या आयुष्यातून कोणी ना कोणी मोठे माणूस न सांगता निघून गेलेले आहे. कोणाचे वडील मजुरीसाठी गुजरातेत गेले ते परतले नाहीत, कोणाची आई दवाखान्यात गेली ती घरी आली नाही. टाळेबंदीत शाळा, शेजार, रविवारी येणारे पाहुणे आणि निम्मे कर्मचारी एकाच आठवड्यात दिसेनासे झाले, तेव्हा मुलांना विषाणूपेक्षा याचीच धास्ती अधिक वाटली. म्हणून साथीत कोणताही बदल, मग तो जेवणाच्या जागेचा असो की झोपण्याच्या खोलीचा, मुलांना आधी सांगूनच करावा.

रुजू होण्याआधी

आपले लसीकरणाचे प्रमाणपत्र, ओळखपत्र, नेहमीच्या औषधांचा महिन्याभराचा साठा आणि घरच्या दोन व्यक्तींचे फोन क्रमांक बरोबर आणावेत. फाटक बंद असताना आमच्याकडे चौदा दिवस आत आणि चौदा दिवस बाहेर अशी ड्यूटी लावली जाते, त्यामुळे घरी वृद्ध सासू-सासरे किंवा लहान मूल असेल तर त्यांची व्यवस्था लावूनच होकार द्यावा. मध्येच निघून जावे लागण्यापेक्षा आधी नकार दिलेला मुलांच्या दृष्टीने पुष्कळ बरा.

मुलांची भाषा हा विषयही याच वेळी समजून घ्यावा. आपण आपसात मराठी बोलतो, पण मुले झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन या भागांतून आलेली असतात. काहींना भिली किंवा निमाडीच नीट येते आणि हिंदी त्यांच्यासाठी शाळेची भाषा असते. दुखते कुठे, भूक आहे का, भीती वाटते का, एवढी वाक्ये तरी त्यांच्या बोलीत मोठ्या मुलांकडून शिकून घ्यावीत. आजारी मूल शाळेच्या भाषेत बोलत नाही.

पहिले सात दिवस

साथीच्या काळात आल्यावर पहिले सात दिवस आपण मागच्या खोलीत स्वतंत्र राहाल. मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले असते, त्यामुळे तापमापक बंदूक लगेच लावली तर आकडा चुकतो; दहा मिनिटे सावलीत बसवूनच तापमान मोजावे. या सात दिवसांत मुलांजवळ जाता येत नसले तरी त्यांच्या नजरेस पडणे आवश्यक आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता खिडकीशी उभे राहून आपले नाव सांगावे, त्यांची नावे विचारावीत आणि मुलांनी ठरवलेले संबोधन स्वीकारावे. इंदूरची मुले तुम्हाला दीदी म्हणतील, मावशी म्हणतील, कधी दोन्ही जोडून म्हणतील.

मुलांच्या फाइली वाचण्यासाठीही हाच काळ योग्य आहे. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना फाइलमध्ये असते. तिच्यातील दमा, फिट्स, सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), औषधांची ॲलर्जी या नोंदी आपल्या वहीत उतरवून घ्याव्यात. झाबुआ-अलीराजपूरकडील आदिवासी मुलांत सिकल सेलचे प्रमाण लक्षात घेण्याइतके आहे आणि अशा मुलाचा ताप साधा समजून थांबता येत नाही.

मुलांचे गट आणि सकाळ

आमच्याकडे आठ-दहा मुले आणि एक गृहमाता मिळून एक घर होते. छोट्या घरांची ही पद्धत हर्मन ग्माइनर यांनी ऑस्ट्रियात १९४९ साली सुरू केलेल्या बालग्रामांमुळे जगभर पोहोचली, आणि साथीत तिचा अनपेक्षित उपयोग झाला. एका घराची मुले दुसऱ्या घरात मिसळली नाहीत, तर एका घरातील ताप त्या घरापुरताच राहतो. जेथे सगळी मुले एकाच दालनात झोपतात तेथे खाटांची रांग बदलून, एकाचे डोके दुसऱ्याच्या पायाकडे येईल अशा रीतीने असे गट करावे लागतात. गट करताना भावंडे कधीही वेगळी करू नयेत. नकाशावर ते सोयीचे दिसले तरी करू नयेत.

सकाळी सहाला उठणे, साडेसहाला अंगणात व्यायाम, सातला अंघोळ आणि आठला न्याहारी ही वेळ टाळेबंदीतही बदलू नये. शाळा बंद आहे, मग झोपू द्या थोडा वेळ, असे आम्हालाही पहिल्या आठवड्यात वाटले होते. दहा दिवसांत मुले रात्री एकपर्यंत जागू लागली, अंथरुणे ओली होण्याचे प्रमाण वाढले आणि भांडणे दुपारीच सुरू होऊ लागली. वेळापत्रक परत आणायला मात्र महिना लागला.

हात धुण्याचे शिकवताना भिंतीवर चित्र लावून भागत नाही. साबणाची वडी कुंडीत पडते, विरघळते आणि तिसऱ्या मुलापर्यंत उरत नाही. आमच्या स्वयंपाकघरातील मावशींनी बटाट्याच्या जाळीदार पिशवीचे तुकडे कापून त्यांत वड्या बांधल्या आणि प्रत्येक नळाला एक याप्रमाणे टांगल्या. मूल जाळी हातात चोळते, फेस भरपूर येतो आणि वडी आठवडाभर टिकते. वीस सेकंद मोजण्यासाठी आमची मुले दोनचा पाढा सावकाश दोनदा म्हणतात, त्यामुळे नव्या माणसाने नळाशी उभे राहून तो त्यांच्याबरोबर म्हणावा.

पाच वर्षे व त्याखालील मुलांना मास्क लावू नये. सहा ते अकरा वयाच्या मुलांना तो मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि नीट वापरता येत असेल तरच द्यावा, आणि बारा वर्षांपुढील मुलांनी मोठ्यांप्रमाणे वापरावा. आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या जून २०२१ च्या सूचना अशाच होत्या. घरात आपल्याच गटात असताना मुलांना मास्कची सक्ती आम्ही केली नाही, कारण लहान मुलाला मोठ्यांचा चेहरा दिसावा लागतो.

दाराच्या कड्या, नळ आणि जिन्याचे कठडे दिवसातून दोनदा पुसावेत. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम घातली की एक टक्क्याचे द्रावण होते. ते रोज ताजे करावे, हातमोजे घालून वापरावे आणि मुलांच्या अंगावर कोणत्याही परिस्थितीत फवारू नये. कचरा निगमाच्या गाडीत वर्गवारी करूनच जातो, हे इंदूरकरांना सांगावे लागत नाही. आजारी मुलाच्या खोलीतील मास्क व रुमाल मात्र वेगळ्या पिशवीत बांधावेत.

स्वयंपाकघर

मार्चअखेर आमच्या कोठीतील जुना गहू संपत आलेला असतो आणि नवा गहू मंडीत नुकताच येऊ लागलेला असतो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली ती नेमकी या दोन्हींच्या मध्ये. तेव्हापासून आमचा नियम असा आहे, की पंचेचाळीस दिवसांचा गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, पोहे आणि दूधभुकटी कोठीत कायम असावी. जीवनक्षार (ओआरएस) पाकिटे, पॅरासिटामॉल आणि मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड यांचाही साठा त्याच यादीत असावा. पॅड संपल्याचे मुली सांगत नाहीत, त्यामुळे दर सोमवारी गृहमातेने स्वतः कपाट उघडून मोजावे.

भाज्या स्वच्छ वाहत्या पाण्यात धुवाव्यात. साबण किंवा ब्लीच भाजीला लावू नये. घाबरून असे करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

रविवारचे पोहे चुकवू नयेत, हे मी मुद्दाम लिहीत आहे. पातेल्यातील उकळत्या पाण्यावर वाफेत ठेवलेले इंदुरी पोहे, वर शेव, जिरावन मसाला आणि बारीक कांदा, हा आमच्याकडील रविवारचा ठरलेला नाश्ता आहे. एप्रिल २०२० मध्ये एका रविवारी शेव मिळाली नाही, म्हणून आम्ही उपमा केला. एका लहान मुलीने बशीकडे पाहून विचारले, की आज रविवार नाही का. ज्या मुलांची शाळा बंद आहे, सुट्टी बंद आहे आणि जत्रा बंद आहे, त्यांना वार कळण्याची ही एकच खूण उरली होती. पुढच्या रविवारी भाजलेले शेंगदाणे घालून पोहे केले आणि शेव का नाही हे आदल्या रात्रीच सांगितले. कोणीही तक्रार केली नाही.

अभ्यास

मध्य प्रदेशात ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही योजना ६ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि व्हॉट्सॲपवर धडे येऊ लागले. चाळीस मुलांत तेव्हा तीन स्मार्टफोन होते. अशा वेळी फोन मुलांच्या हाती फिरवत बसू नये. मोठ्या माणसाने आदल्या रात्री धडा पाहावा, वहीत उतरवावा आणि सकाळी दहा ते बारा फळ्यावर घ्यावा. दुपारी मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवावे. प्राथमिक वर्ग सप्टेंबर २०२१ मध्ये उघडले, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष लहान मुले शाळेत गेली नव्हती. तिसरीत बसलेली मुले पहिलीची अक्षरे विसरली होती. त्यामुळे इयत्ता न पाहता मूल आज काय वाचू शकते हे पाहूनच गट करावेत.

घरचा फोन

अनेक मुलांना एक पालक असतो, आजी असते, काका असतो. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालगृहांतील मुलांच्या सुरक्षिततेची स्वतःहून दखल घेऊन जे निर्देश दिले, त्यांनंतर काही मुले बाल कल्याण समितीच्या (अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील अधिकृत समितीच्या) आदेशाने घरी गेली. जी राहिली त्यांना घरच्यांचा आवाज ऐकू येणे ही आपली जबाबदारी असते.

फोनचा वार आणि वेळ ठरलेली असावी. आधी आपण स्वतः फोन लावून पलीकडे कोण आहे, घरी काय परिस्थिती आहे, रिचार्ज आहे का, हे पाहावे आणि मगच मुलाला बोलवावे. फोन लागला नाही तर ‘उद्या नक्की लागेल’ असे म्हणू नये. ‘आज तीनदा लावला, लागला नाही, गुरुवारी पुन्हा लावीन’ असे म्हणावे आणि गुरुवारी मुलाच्या समोर लावावा. बोलणे झाल्यावर मुलाला लगेच अभ्यासाला बसवू नये. अर्धा तास त्याला अंगणात आपल्या जवळपास राहू द्यावे.

मुलाला ताप आला तर

या भागात आमची एक चूक सांगणे आवश्यक आहे. २०२० च्या उन्हाळ्यात सात वर्षांच्या एका मुलाला रात्री ताप आला. इतर मुले घाबरू नयेत म्हणून आम्ही त्याला झोपेतच उचलून मागच्या खोलीत नेले. पहाटे मी दार उघडले तेव्हा तो जागा होता आणि रडत नव्हता. त्याने आपले दोन सदरे आणि एक चड्डी उशीच्या अभ्र्यात भरली होती, अभ्र्याला गाठ मारली होती आणि त्या गाठोड्यावर तो दाराकडे तोंड करून बसला होता. त्याला वाटले होते, की आता आपल्याला येथूनही पाठवून देणार. त्याचा ताप दोन दिवसांत उतरला, पण ते गाठोडे त्याने पुढे दोन महिने सोडले नाही.

म्हणून तापाच्या मुलाला वेगळे करताना पुढील क्रम चुकवू नये. मूल झोपले असेल तर उठवावे. तू कोठे जाणार आहेस, किती दिवस, तेथे तुझ्याजवळ कोण असेल आणि त्यानंतर तू याच खाटेवर परत येणार आहेस, हे त्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे. खाट रिकामी ठेवावी आणि ती रिकामी राहील हे त्याच्या मित्रांसमोर सांगावे. बरोबर काय न्यायचे हे त्याला निवडू द्यावे. खोलीला अंगणाकडे उघडणारी खिडकी असावी. सोबतीला एकच मोठे माणूस पूर्ण काळ असावे, तीन जणांनी आलटून पालटून जाऊ नये. वाटीत जेवढे दिवस तेवढे चिंचोके ठेवावेत आणि रोज सकाळी मुलाने एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकावा. डॉक्टरांनी दिवस वाढवले तर नवा चिंचोका त्याच्यासमोर आणि कारण सांगून घालावा. मूल झोपेत असताना वाटीला हात लावू नये.

तापमान, श्वास आणि ऑक्सिजन दिवसातून चार वेळा वहीत लिहावे. श्वास मोजताना मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट किंवा छाती पाहावी. पाच वर्षांवरील मुलाचा श्वास मिनिटाला ३० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा अधिक असेल तर तो जलद समजावा. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला, बरगड्यांखाली श्वासाबरोबर खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसले, मूल पाणीही पिईना किंवा हाक मारली तरी नीट जागे होईना, तर यांपैकी एकच खूण दिसली तरी १०८ ला फोन करावा आणि वाट पाहू नये. आपल्याकडे एम. वाय. रुग्णालयाच्या परिसरात चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. तेथे नेताना मुलाची फाइल आणि नोंदवही बरोबर असावी.

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटे पाहावीत. श्रावणात मुली बोटांच्या टोकांना मेंदी लावतात, तिच्यामुळे आणि नखांच्या रंगामुळे आकडा चुकू शकतो. थंड बोटही चुकीचा आकडा दाखवते. बोट हातात धरून ऊब द्यावी आणि आकडा स्थिर झाल्यावर लिहावा.

पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर लागते. यासाठी प्रत्येक मुलाचे वजन दर महिन्याला मोजून डॉक्टरांकडून त्याच्या नावासमोर मात्रा लिहून घ्यावी. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक कोणाच्या सांगण्यावरून, शिल्लक आहे म्हणून, मुळीच देऊ नये.

मूल बरे झाल्यावर वही बंद करू नये. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा जोराचा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे आणि पोटदुखी दिसली तर ती वेगळी व गंभीर अवस्था असू शकते, त्यामुळे त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

वाईट बातमी आली तर

एप्रिल-मे २०२१ मध्ये अशी बातमी आमच्याकडे एकाहून अधिक वेळा आली. बातमी खरी असल्याची आधी खात्री करावी. नंतर ती त्याच दिवशी, ज्या मोठ्या माणसावर मुलाचा सर्वाधिक विश्वास आहे त्यानेच, खाली बसून सांगावी. ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’, ‘दूर गेले’ असे शब्द लहान मुलाजवळ वापरू नयेत, कारण मूल त्या माणसाच्या परतण्याची वाट पाहू लागते किंवा स्वतः झोपायला घाबरते. वडील मरण पावले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही, इतके सरळ सांगावे. मूल रडले नाही, उठून खेळायला गेले, तर त्याला अडवू नये. अंत्यविधीला नेणे शक्य नसेल तर तेराव्या दिवशी किंवा त्याच्या समाजाच्या रीतीप्रमाणे योग्य दिवशी येथेच दिवा लावावा, आणि त्या वेळी त्याची भावंडे जवळ असावीत.

कागदपत्रांचे काम दुसऱ्या माणसाने करावे. ११ मार्च २०२० ते ५ मे २०२३ या काळात दोन्ही पालक किंवा उरलेला एकमेव पालक करोनाने गमावलेल्या मुलांसाठी केंद्राची पीएम केअर्स योजना आहे, तिच्यात वयाच्या २३ व्या वर्षी दहा लाख रुपये मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री कोविड-१९ बाल सेवा योजनेत दरमहा ५,००० रुपयांची तरतूद झाली. आज अशा मुलाची जबाबदारी आपल्याकडे असेल तर मृत्यू प्रमाणपत्र, मंजुरीपत्र आणि खात्याचा तपशील यांच्या प्रती फाइलमध्ये आहेत का, हे रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच तपासावे.

फाटकाबाहेरची माणसे

साथीत शहर उदार होते. धान्य येते, कपडे येतात, मिठाई येते, आणि देणाऱ्याला मुलाच्या हाती पिशवी ठेवून फोटो हवा असतो. तो देऊ नये. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुलाला आयुष्यभर मदत घेतानाच्या चेहऱ्याने ओळखले जाऊ नये. पावती द्यावी, धन्यवादाचे पत्र द्यावे, हवे तर कोठीतील पोत्यांचा फोटो द्यावा.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. २०२१ मध्ये ‘दोन दिवसांचे बाळ आहे, आईवडील करोनाने गेले, कोणी दत्तक घ्या’ असे संदेश फिरत होते आणि त्यांवर विश्वास ठेवून सज्जन माणसे आमच्याकडे विचारणा करत. असे मूल कोणी कोणाला परस्पर देऊ शकत नाही. संदेश पुढे न पाठवता १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. मूल चोवीस तासांत बाल कल्याण समितीसमोर जायला हवे. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नोंदणीकडे पाठवावे.

ड्यूटी संपताना

चौदावा दिवस आला, की निघण्याची घाई होते, घरची ओढ असते. तरी आदल्या संध्याकाळी, मुले जेवायला बसण्यापूर्वी, आपल्या जागी येणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून मुलांना सांगावे, की मी उद्या सकाळी आठ वाजता जाणार आहे आणि आता तुमच्याजवळ या असतील. मुलांच्या वेण्या कोण कशा घालते, अंधारात दिवा कोणाला लागतो, चिंचोक्यांच्या वाटीत किती उरले आहेत, हे नोंदवहीत लिहून तोंडीही सांगावे. सकाळी मुले शाळेत किंवा अंघोळीला असताना निसटू नये. फाटकापर्यंत येऊ इच्छिणाऱ्यांना येऊ द्यावे. परतण्याची तारीख नक्की असेल तरच ती फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहावी, आणि नक्की नसेल तर जागा मोकळी ठेवून, कळल्यावर फोन करून मोठ्या मुलांपैकी एकाकडून ती लिहवून घ्यावी.